साल आधी, अक्षरे नंतर : गनप्ला किट निवडताना, जोडताना आणि पारखताना

"एचजी घेऊ की एमजी?" महाकाय रोबोंच्या प्लॅस्टिक किटबद्दल वाचक विचारतात त्यांत हा प्रश्न सर्वांत वरचा. त्याच्या मागोमाग येतात ते असे: गोंद लागतो का, रंगवावेच लागते का, निम्म्या किमतीत मिळते ते चालेल का, आणि व्हिडिओत प्रत्येक किट 'जबरदस्त' कसे असते? पहिल्या प्रश्नामागे एक समज आहे. डब्यावरची अक्षरे वजनदार, म्हणजे आतला माल चांगला, असा तो समज. बरेचसे पैसे तिथेच वाया जातात.

निर्णयापुरती पार्श्वभूमी एवढीच. 'मोबाइल सूट गंडम' ही दूरचित्रवाणी मालिका जपानमध्ये १९७९ साली सुरू झाली. तिच्यातल्या रोबोंची किट बँडाई या कंपनीने जुलै १९८० पासून विकायला काढली. पहिले किट १/१४४ प्रमाणाचे आणि ३०० येनांचे होते. त्याला गोंदही लागे आणि रंगही. या किटनाच गनप्ला म्हणतात. आजच्या गनप्लाचे भाग दाबून बसवायचे असतात आणि प्लॅस्टिक मुळातच रंगीत असते. त्यामुळे गोंद आणि रंग या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. हौस असेल तर रंगवा.

अक्षरे काय सांगतात

अक्षरांवरून मुख्यतः आकार आणि कामाचा पसारा कळतो. मूळ गंडम कथेत १८ मीटर उंच आहे. बाकीचा हिशेब त्यावरून निघतो.

- ईजी (एंट्री ग्रेड), १/१४४: साधारण साडेबारा सेंटिमीटर. भाग हाताने सुटतात, कटर लागत नाही. एका बैठकीत होते.
- एचजी (हाय ग्रेड), १/१४४: उंची तेवढीच. सर्वांत जास्त विविधता याच मालिकेत आहे आणि बहुतेकांनी इथेच सुरुवात करावी.
- आरजी (रिअल ग्रेड), १/१४४: उंची तीच, पण भाग बारीक आणि पुष्कळ. आत सांगाडा असतो आणि स्टिकर तांदळाच्या दाण्याएवढे असतात. डोळ्यांवर ताण येतो.
- एमजी (मास्टर ग्रेड), १/१००: सुमारे १८ सेंटिमीटर. बहुतेकांत आतला सांगाडा आधी उभा करून त्यावर कवच चढवायचे असते.
- पीजी (परफेक्ट ग्रेड), १/६०: ३० सेंटिमीटर. यात पैसा, वेळ आणि कपाटातली जागा, तिन्ही जातात.
- एसडी: मोठ्या डोक्याचे, बुटके रोबो. प्रमाण ठरलेले नाही. लहान मुलांना आवडतात.

आरजी आणि एचजी यांची उंची सारखीच आहे हे अनेकांना डबा उघडल्यावर कळते. 'रिअल' म्हणजे मोठा असेल, असे धरून आरजी मागवू नका.

साल का महत्त्वाचे

जुनी गाडी घेताना आपण आधी "कितव्या सालची?" असे विचारतो. किटच्या बाबतीत तेच करावे, कारण साचा एकदा तयार झाला की त्यातून वर्षानुवर्षे माल निघत राहतो. दुकानात आज नवा कोरा दिसणारा डबा वीस वर्षांपूर्वीच्या साच्याचा असू शकतो, आणि तसा तो बरेचदा असतो.

एकाच रोबोचे उदाहरण घ्या. आरएक्स-७८-२, म्हणजे पांढरा-निळा-लाल मूळ गंडम. त्याचे पहिले एचजी १९९० सालचे. त्यानंतरचे एचजीयूसी या एचजीच्याच उपमालिकेतले २१ क्रमांकाचे किट २००१ चे. त्याच मालिकेत १९१ क्रमांकाने २०१५ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. २०२० मध्ये आणखी एक एचजी आले आणि त्याच वर्षी ईजीही आले. एमजीत १९९५, २००८ आणि २०१३ या सालांचे साचे आहेत, शिवाय मधल्या काही आवृत्त्या वेगळ्याच. आरजी २०१० चे, आणि त्याची दुसरी आवृत्ती २०२४ ची. पीजी १९९८ चे, आणि नवे पीजी अनलीश्ड २०२० चे.

आता २०२० चे ईजी आणि २००१ चे एचजी शेजारी ठेवा. ईजी खालच्या पायरीचे आणि स्वस्त, तरी गुडघा-कोपर त्याचेच जास्त वाकतात, रंगांची विभागणी त्याचीच चांगली आणि सांधेजोडीची रेघ त्यातच चांगली लपवलेली. १९९५ च्या एमजीचे स्थान इतिहासात मोठे आहे, पण हालचालीत २०१५ चे एचजी त्याच्या पुढे जाते. २०१० च्या आरजीत सांगाडा रनरमधूनच, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीतूनच, जोडलेला निघतो. तंत्र थक्क करणारे, पण हाताळणी वाढली की सांधे सैल पडतात. २०२४ ची आवृत्ती पाहिल्यावर चौदा वर्षांत काय बदलले ते वेगळे सांगावे लागत नाही.

साल शोधायचे कसे?

- डब्याच्या कडेला स्वामित्वहक्कांच्या बारीक ओळीत बहुतेकदा वर्ष असते.
-  रनरवरच्या पट्टीवर साच्याचे वर्ष कोरलेले असते. डबा उघडल्यावर कळते, म्हणून विकत घेण्याआधी दुसऱ्या कुणी काढलेले रनरचे फोटो पाहा.
- मालिकेतला क्रमांक पाहा. एचजीयूसी १९९९ मध्ये १ क्रमांकाने सुरू झाली. क्रमांक लहान तितका साचा जुना.
- निळ्या लोगोवर जाऊ नका. बँडाई स्पिरिट्स ही कंपनी २०१८ मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर जुन्या किटच्या नव्या छपाईच्या डब्यांवरही तो लोगो आला.

जुने किट वाईट असते असे नाही. रंगवण्याची, भरणी करून घासण्याची आवड असणाऱ्यांना जुन्या साच्यातच हात दाखवायला वाव मिळतो. फक्त जे घेताय ते माहीत असून घ्या.

पहिले किट

आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी ईजी किंवा एसडी. मोठ्यांसाठी २०१५ नंतरचे, आवडत्या रोबोचे एचजी. पहिलेच पीजी घेणाऱ्यांना मी दर वेळी अडवतो. अर्धवट राहिलेले पीजी ही घरातली सर्वांत महाग अडगळ असते.

हत्यारे: थोडीच, पण बरी

- कटर. वायरमनचा साइड कटर चालत नाही. त्याची धार जाड असते, प्लॅस्टिक कापले न जाता चेंगरते आणि पांढरा डाग पडतो. प्लॅस्टिक मॉडेलसाठीचे बारीक, सपाट पात्याचे निपर घ्या. सगळा खर्च एकाच हत्यारावर करायचा असेल तर तो यावर करा. एकपाती निपर अतिशय सफाईदार असतात, पण नाजूकही. त्यांनी जाड रनर किंवा पारदर्शक भाग कापू नका.
- पॉलिश पेपर. ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचे. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवले की कोपऱ्यात नीट पोहोचतात. काचेची कानस असेल तर काम झटपट होते.
- बारीक सुरी, टोकदार चिमटा, कटिंग मॅट. सुरी नेहमी अंगापासून दूर चालवा.

याहून जास्त काही पहिल्या किटला लागत नाही. 'गनप्ला टूल सेट' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पेटीतले निपर बहुधा निकामीच निघतात.

जोडणी

माहितीपुस्तिका जपानी भाषेत असते म्हणून घाबरू नका. सगळे चित्रांत असते. ए-१२ म्हणजे ए रनरवरचा बारावा भाग. '×२' असेल तिथे तोच तुकडा दोनदा करायचा. पीसी अशी खूण असेल तर ती पॉलिकॅप, म्हणजे मऊ प्लॅस्टिकची सांध्यातली टोपी.

१. डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि पुस्तिकेतल्या चित्राशी रनर ताडून पाहा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

२. सगळे भाग एकदम कापून ढीग करू नका. क्रमांक रनरवर असतो, भागावर नसतो. एका पायरीपुरतेच कापा.

३. प्रत्येक भाग दोनदा कापा. पहिला काप भागापासून लांब, रनरच्या बाजूला. दुसरा भागाजवळ, तरी अर्धा मिलिमीटर सोडून. उरलेला ठिपका सुरीने किंवा कानशीने काढा. एकाच कापात उरकले की भागाच्या अंगात खळगा पडतो आणि तो भरून येत नाही.

४. घासताना ४०० पासून चढत १००० पर्यंत जा. थोडे पाणी लावले तर धूळ उडत नाही. चकचकीत मुलामा दिलेल्या भागांना पॉलिश पेपर लावायचाच नाही.

५. बसवण्याआधी दिशा पाहा. दंडाचे आणि पोटरीचे डावे-उजवे भाग फसवतात. घट्ट बसलेला तुकडा सोडवताना खुंटी मोडते. नंतर रंगवायचे असेल तर खुंटीचे टोक थोडे तिरके कापून ठेवा, म्हणजे भाग परत सुटतो.

६. हलत्या सांध्याला गोंद लावू नका. सैल सांधा घट्ट करण्यासाठी त्याच्या गोळ्यावर गोंदाचा पातळ थर द्यायचे तंत्र आहे, पण थर पूर्ण वाळायच्या आधी सांधा जोडला तर तो कायमचा अडकतो.

गडद भागावर कापाजागी पांढुरके झाले तर नखाने दाबून चोळा, डाग बराच फिका होतो. बाकीचे शेवटचा मॅट फवारा झाकतो.

रेघा, स्टिकर, फवारा

कवचावरच्या खाचांत रेघ भरली की सपाट प्लॅस्टिक एकदम जिवंत दिसते. पांढऱ्यावर करडी, लाल-पिवळ्यावर तपकिरी, गडद रंगांवर काळी. पांढऱ्यावर काळी रेघ भरली की रोबो रंगवायच्या पुस्तकातल्या चित्रासारखा दिसतो, तरी नवशिके हटकून काळीच घेतात. ०.३ मिलिमीटरचा मार्कर नवख्यांना पुरे. जास्तीची रेघ खोडरबराने पुसली जाते.

ओतून भरायचा इनॅमल रंग मात्र जपून. इनॅमलचा थिनर ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकमध्ये शिरून ते तडकवतो, आणि एबीएस प्लॅस्टिकला त्याचा धोका सर्वांत जास्त. जोडलेल्या सांध्यावर तो कधीच ओतू नका. भाग सुटे करा, त्यांवर चकाकीचा थर द्या, मग रंग भरा.

क्रम असा: जोडणी, चकाकीचा थर, रेघा, डिकल (चिकटवायची बारीक चिन्हे), आणि अखेर मॅट फवारा. डोळ्यांचे पारदर्शक भाग फवाऱ्याआधी काढून ठेवा, नाहीतर ते धुरकट होतात.

मुंबई-कोकण-गोव्याच्या वाचकांना वेगळे सांगायचे आहे. जून ते सप्टेंबर फवारा मारू नका. लॅकरचा द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. परिणामी सगळ्या रोबोवर पांढरी साय आल्यासारखी दिसते. घाटावर पावसाची उघडीप मिळाली तर कोरड्या दुपारी काम उरकता येते. किनाऱ्यावर दसऱ्यापर्यंत थांबा. डबा चांगला हलवून, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, पातळ थर द्या. फवारा गॅलरीत किंवा गच्चीवर मारा. गॅसची शेगडी किंवा देवघरातली समई जवळपास पेटलेली नको. कापडी मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही. रासायनिक वाफेसाठीची गाळणी असलेला मुखवटा लागतो.

तयार रोबो खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते.

खरेदीतले खड्डे

*नक्कल.* हुबेहूब डबा, तेच चित्र, निर्मात्याचे नाव मात्र गायब किंवा भलतेच, आणि किंमत तिसरा हिस्सा. आत भागांची घट्ट-सैल बसणी बेभरवशाची. काहींची बसणी बरी असते हे खरे, पण दुसऱ्याच्या साच्याची चोरी ती चोरीच. स्वतःची रचना करणाऱ्या चिनी कंपन्या वेगळ्या. त्यांचा माल नकली नाही, त्याला नक्कल समजून झिडकारू नका.

*टंचाईचा धाक.* "शेवटचा नग" म्हणून दुप्पट पैसे मागणारे भेटतील. नेहमीच्या मालिकांतली किट पुन्हा पुन्हा छापली जातात. काही महिने थांबा. प्रीमियम बँडाईची, म्हणजे फक्त मागणीनुसार ऑनलाइन विकली जाणारी किट एवढीच खरी अडचणीची, आणि त्यांतलीही काही परत येतात.

*परदेशातून मागवणे.* खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. प्रमाणबद्ध मॉडेल जकातीच्या त्याच शीर्षकाखाली येतात. वर जीएसटी आणि कुरिअरचा आकार. वैयक्तिक पार्सलला कोणता दर लावला हे पावतीवर असते. कुरिअरवाल्याने नुसता आकडा सांगितला तर पैसे देण्याआधी तपशील मागा. तो मागणे तुमचा हक्क आहे. शिवाय १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतात १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. एचजीच्या डब्यावर '८ वर्षांपुढील' असे छापलेले असते, त्यामुळे पार्सल अडकण्याची शक्यता गृहीत धरा.

*जपानहून येताना.* किट सामानात बिनधास्त आणा. निपर आणि सुरी हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये टाका. रंगाचे आणि लॅकरचे फवारे दोन्हीकडे चालत नाहीत, कारण ते ज्वालाग्राही आहेत. टोकियोत घेतलेला फवाऱ्यांचा संच विमानतळावरच सोडावा लागतो.

बिघडले तर

भारतातल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतले असेल तर ई-कॉमर्स नियम, २०२० तुमच्या बाजूने आहेत.

- मूळ देश आणि परतीची अट विक्रीच्या पानावर असलीच पाहिजे. आयात मालाला आयातदाराचे नावही.
- तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे.
- सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. 'डबा उघडला, आता परत नाही' हे उत्तर चालत नाही.
- दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षे.

जपानी पुस्तिकेत सुटे भाग मागवायची सोय दिसते, पण ती जपानमधल्या ग्राहकांसाठी आहे. तुकडा तुमच्याच हातून तुटला असेल तर प्लॅस्टिक वितळवून जोडणारा पातळ सिमेंट वापरा. तो पॉलिस्टायरीनला घट्ट धरतो. पॉलिकॅपच्या मऊ प्लॅस्टिकवर मात्र त्याचा काही उपयोग नाही.

परीक्षण: वाचताना

पहिला प्रश्न: लिहिणाऱ्याने किट जोडले का? डबा उघडून रनर दाखवणे म्हणजे परीक्षण नव्हे. दुसरा प्रश्न: फोटोतला रोबो रंगवलेला आहे का? एअरब्रशने रंगवून, दिव्यांच्या झोतात ठेवलेला रोबो पाहून किट घेणारा माणूस घरी निराश होतोच. तिसरा प्रश्न: किट फुकट मिळाले होते का? ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार असा संबंध ठळकपणे, सोप्या भाषेत सांगणे आवश्यक आहे. वर्णनाच्या तळाशी हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेला उल्लेख त्यात बसत नाही.

परीक्षण: लिहिताना

तुमच्यातले अनेक जण आता स्वतः लिहू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे, मराठीत हे लिखाण फार थोडे आहे. पाच तारे देऊन मोकळे होण्यापेक्षा पुढच्या गोष्टी सांगा:

- साच्याचे साल, आणि त्याच रोबोचे दुसरे किट हाताळले असेल तर त्याच्याशी तुलना.
- कोणते रंग प्लॅस्टिकमध्ये आहेत आणि कोणते स्टिकरवर ढकलले आहेत. पांढऱ्या भागावर पिवळा स्टिकर किती दिवस टिकेल हे वाचणाऱ्याला हवे असते.
- दोन अर्ध्या भागांच्या जोडाची रेघ कुठे दिसते. दंडावर, बंदुकीवर, डोक्याच्या मधोमध?
- गुडघा आणि कोपर किती वाकतात, कंबर वळते का, पाठीवर ओझे घेऊन रोबो स्टँडशिवाय उभा राहतो का.
- डब्यात काय नाही. स्टँड बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो. हाताचे जास्तीचे पंजे कधी असतात, कधी नसतात.
- तुम्ही मोजलेली रक्कम, आणि त्यात जकात-कुरिअर धरले आहे की नाही.

सांध्यांबद्दलचे मत लगेच देऊ नका. जोडल्या दिवशी सगळेच सांधे घट्ट असतात. महिनाभर उभा ठेवा, चार पोझ बदला, मग लिहा. फोटो तुमचेच वापरा. संपूर्ण पुस्तिका स्कॅन करून टाकणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे. एखाद्या पानाचा संदर्भ वेगळा.

किट आवडले नाही तर तसे स्पष्ट लिहा, आणि कारण मोजता येईल असे द्या: "गुडघा नव्वद अंशांच्या पुढे जात नाही" याने वाचणाऱ्याचे पैसे वाचतात, "मजा नाही आली" याने नाही. आणि एक विनंती: किमान एक फोटो न रंगवलेल्या, फवारा न मारलेल्या, घरच्या ट्यूबलाइटखालच्या रोबोचा टाका, शेजारी पट्टी ठेवून.